दीड फॅट

गेल्या आठवड्यापासून शाळेच्या वाटेवरची ज्वारी हुरड्यात आली आहे. शेवगावच्या अलीकडं रस्त्याच्या दोन्ही अंगांना कणसं जड झाली आहेत आणि दुपारभर कुणी ना कुणी पाखरं हाकत असतं. दाणा हिरवा असावा, मऊ असावा, नखानं दाबला की पांढरा चीक बाहेर यावा, मग आमच्याकडं म्हणतात, दूध भरलं. स्टाफरूममध्ये हुरडा पार्टीचे बेत सुरू होतात. शेंगदाण्याची चटणी कोण आणणार, गूळ कोण आणणार. मी दरवर्षी काहीतरी सबब सांगते. सात वर्षं झाली. आता बाकीच्या मॅडमनीच ठरवून टाकलंय की हिला हुरड्यानं पित्त होतं. होतं तर होऊ दे. गोवऱ्यांच्या आगटीवर भाजलेल्या कणसाचा वास आला की माझी छाती भरून आल्यासारखी दुखते, हे चहाचा कप हातात घेऊन कुणाला सांगायचं?

मी मूळची नगरशेजारच्या भिंगारची. वडील कॅन्टोन्मेंटात कारकून. आमच्या घरी दूध पिशवीतून यायचं आणि पिशवी कात्रीनं कापली की पातेल्यात पडायचं, त्यापलीकडं दुधाशी माझी ओळख नव्हती. पुढं बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, शेवगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, खाली दोन रेघा मारते आणि पोरांना म्हणते, परीक्षेला येतं. लग्न झालं ते शेवगावपासून आठ किलोमीटरवरच्या गावात, अकरा गायींच्या घरात. नवरा नगरच्या नागापूर एमआयडीसीत कामाला, शनिवारी यायचा, रविवारी संध्याकाळी जायचा. घर चालायचं ते सासऱ्यांच्या, आण्णांच्या शब्दावर.

आण्णा गावच्या डेअरीत फॅट मोजायला बसत. सकाळ-संध्याकाळ किटल्यांची रांग लागायची आणि आण्णा चष्मा नाकावर ओढून मशीनपाशी बसलेले असायचे. गावात त्यांच्या आकड्यावर कुणी बोट ठेवत नसे. सख्ख्या भावाचं दूध त्यांनी एकदा पाणी घातलं म्हणून परत पाठवलं होतं, आणि संध्याकाळी त्याच भावाच्या घरी जाऊन जेवून आले होते. "मशीनला नातं कळत न्हाई," असं ते म्हणायचे, आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जरा अभिमान असायचा.

रेवा भाद्रपदात झाली, भिंगारला, माझ्या माहेरी. तिसऱ्या महिन्यात तिला घेऊन मी सासरी आले. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, भाकरतुकडा ओवाळून आम्हाला आत घेतलं. दूध मला भरपूर होतं. पोर रडली की दुसऱ्या खोलीत असले तरी माझा ब्लाउज भिजायचा. बायका हसायच्या. आत्याबाई कौतुकानं म्हणायच्या, "आमच्या सुनंला पान्हा चोरायचं ठावं न्हाई." मला राग यायला हवा होता, पण गोठ्याच्या भाषेतलं ते कौतुक मला आवडायचं. आणि मी थकून जायचे. रेवा तासातासाला उठायची. पाच महिन्यांत सलग तीन तास झोप मला आठवत नाही. वरण ढवळता ढवळता डोळा लागायचा.

मग हुरडा आला. त्या रविवारी पाव्हण्यांनी घर भरलं होतं. शेतात आगटी पेटली होती, रेवा ह्या मांडीवरून त्या मांडीवर हिंडत होती. कुणी तिच्या ओठाला गूळ लावला, कुणी दह्याचं बोट चाटवलं. मी बघत होते आणि पाव्हण्यांना काय बोलायचं म्हणून गप्प होते. दोन दिवसांनी तिला जुलाब सुरू झाले. आत्याबाई म्हणाल्या, दात येत असतील. मग म्हणाल्या, नजर लागली. मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या, चांगल्या तडतडल्या. गावातल्या डॉक्टरांनी पातळ औषध दिलं. जुलाब कमी होईनात. पाजलं की दहा मिनिटांत ती पाय पोटाशी घेऊन किंचाळायची, पोट टम्म फुगायचं, आणि फेसाळ, आंबूस वासाची शी व्हायची. ढुंगण सोलवटून लालबुंद झालं होतं. खोबरेल तेलाचं बोट लावलं तरी ती हात-पाय ताठ करायची.

"अंगावरचं बाधतंय," शेजारच्या काकू म्हणाल्या. "हुरडा लई खाल्ला आसंल आईनं. दूध नासलं."

"नासलं न्हाई, पातळ झालंय," आत्याबाई म्हणाल्या. "पोरगी पिती लई, पर अंगी लागंना."

दोघींचा वाद चालला होता आणि मी दोघींच्या मध्ये पोर घेऊन बसले होते. माझ्या दुधाबद्दल बोलणं चाललं होतं, पण मला कुणी काही विचारत नव्हतं. तेवढ्यात ओसरीवरून आण्णा म्हणाले, "उगं वाद कशाला घालता? मशीन हाय की आपल्याकडं."

हे वाचून हसू येईल. मलाही आता कधीकधी येतं. त्या घरात मात्र त्या वेळी कुणीच हसलं नाही. तीस वर्षं ज्या माणसानं गावभराच्या दुधाचा निवाडा केला, त्याला सुनेच्या दुधाचाही निवाडा मशीनवर करावासा वाटला, यात कुणाला वावगं वाटलं नाही. आत्याबाईंनी मला स्टीलची वाटी दिली. मी आत जाऊन दार लावलं. छाती भरलेलीच होती. पहिल्याच धारांत वाटी भरली. मी ती बाहेर आणून दिली. आण्णांनी माझ्याकडं पाहिलं नाही, जमिनीकडं पाहत वाटी घेतली, खांद्यावरचा पंचा तिच्यावर झाकला आणि डेअरीत कुणी नसतं अशा दुपारच्या वेळी निघून गेले. कुणी विचारलंच तर काय सांगायचं, हे त्यांनी ठरवलं असेल बहुतेक. माझ्या अब्रूची त्यांना फार काळजी होती.

परत आल्यावर ते माझ्याशी बोलले नाहीत. गोठ्यात आत्याबाईंना सांगत होते. गोठ्याची खिडकी माझ्या खोलीकडं उघडते.

"दीड. दीडच्या फुडं सरकंना."

"आरं देवा," आत्याबाई म्हणाल्या. "आपली म्हातारी गाय बी साडेतीन देती की."

दीड फॅट. तीनच्या खालचं दूध डेअरी घेत नाही, हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ह्यांना फोन केला तर तिकडून यंत्रांच्या खडखडाटात आवाज आला, "आण्णा म्हणतात तसं कर. त्यांना कळतं." आणि मी, विज्ञान शिकवणारी, मान खाली घालून हो म्हणाले. गायीच्या दुधासाठी बनवलेल्या मशीननं बाईचं दूध मोजलं, याचं काही वाटलं नाही. आकडा ऐकला की मी त्याच्यावर विश्वास ठेवते. शिकलेल्या माणसाची ही खोड आहे.

आपल्याकडं बाळाचं अंगावरचं 'तोडतात'. भाजी तोडावी, फूल तोडावं, तसं बायका एकमेकींना सहज विचारतात, "तोडलं का?" माझं पाचव्या महिन्यात तोडलं. आत्याबाईंनी जुनं सुती लुगडं फाडून माझी छाती आवळून बांधली. दोन दिवस ताप आला. दगडासारख्या गाठी झाल्या. पिळून काढलेलं दूध पायाखाली येऊ नये म्हणून त्या लिंबाच्या बुडात ओतून यायच्या आणि येताना डोळे पुसायच्या. त्या वाईट नव्हत्या. हे मला पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं, कारण ऐकणाऱ्याला कुणीतरी वाईट लागतं.

रेवासाठी आण्णांनी स्वतः गाय निवडली. दीड महिन्यापूर्वी व्यालेली, शांत, सगळ्यांत चांगल्या फॅटची. धार स्वतः काढायचे, गाळून चरवीत घालून स्वतः चुलीपर्यंत आणायचे. "माज्या नातीला पाच फॅटचं," असं म्हणून ते चरवी खाली ठेवायचे. ते दूध आम्ही तिला पाजलं. तिनं पहिल्यांदा तोंड फिरवलं, मग भुकेनं प्यायली. प्यायली आणि सगळं अंगाबाहेर टाकलं. आम्हाला वाटलं, नवीन दूध आहे, सवय होईल. चौथ्या दिवशी ती रडत होती आणि डोळ्यांत पाणी नव्हतं. टाळू खोल गेली होती. पोटावरची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. शनिवार होता. हे आले, पिशवी खाली ठेवण्याआधी त्यांनी पाळण्यात पाहिलं आणि चप्पल न काढताच गाडी बघायला गेले.

नगरच्या दवाखान्यात एवढ्याशा हाताला शीर सापडेना. पायाला सापडली. मी भिंतीकडं तोंड करून उभी होते. दुसऱ्या दिवशी तिनं लघवी केली, लंगोट ओला झाला, तेव्हा मी तो ओला लंगोट गालाला लावला. तिथल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून नीट समजावलं. पोटाला जंतू लागले होते, त्यात आतड्याचं आतलं अस्तर सोललं गेलं, आणि म्हणून दुधातली साखर तिला सध्या पचत नाही. तिचं नाव लॅक्टोज. फॅटचा ह्याच्याशी काही संबंध नाही.

"सध्या?" मी विचारलं.

"सध्या. काही आठवडे. अस्तर पुन्हा तयार होतं. अंगावरचं तोडून किती दिवस झाले?"

"सहा."

"का तोडलं? ते चालू ठेवूनही बहुतेक मुलं यातून बरी होतात. आईच्या दुधात साखर असली तरी बाकीचं खूप काही असतं."

फॅट कमी होतं म्हणून, हे उत्तर माझ्या ओठांवर आलं आणि परत गेलं. मी म्हणाले, घरच्यांनी सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली. असं उत्तर त्यांनी पुष्कळ वेळा ऐकलं असणार. मग म्हणाल्या, थोडे दिवस ही सोयाबीनची पावडर द्या, पण मधून मधून अंगावर घेत राहा, दूध परत येऊ शकतं.

मी घेत राहिले. त्या दिवसांबद्दल मला लिहिता येईल असं वाटलं होतं, पण येत नाही. रेवाला बाटलीची सवय झाली होती. मी जवळ घेतलं की ती तोंड लावायची, दोनदा ओढायची, काही आलं नाही की माझ्याकडं बघायची. रागानं नाही. परक्या घराचं दार वाजवावं आणि कुणी उघडू नये, तेव्हा माणूस जसा बघतो तसं. तिसऱ्या आठवड्यानंतर तिनं ओढायचंही सोडलं. मी मेथीचे लाडू खाल्ले, शतावरी खाल्ली, हाळीवाची खीर खाल्ली. ब्लाउज कोरडाच राहिला.

त्या घरात दुधाशिवाय पोर वाढवणं म्हणजे नदीत राहून अंग कोरडं ठेवणं. अकरा गायी. सकाळी उठल्यापासून दुधाचा वास. चहा दुधाचा, हात दुधाचे, येणारा-जाणारा पोराच्या तोंडात पेढ्याचा कण घालायला टपलेला. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं मी चष्मा लावून वाचायचे, त्यात दूध भुकटी आहे का बघायचे. रेवाची वाटी-चमचा वेगळा, तो मी फडताळात कुलूप लावून ठेवायचे, त्यावरून घरात बोलणी झाली. सोयाबीनच्या पावडरीला एक हिरवट वास असतो. तो तिच्या केसांना, मानेच्या वळीला यायला लागला. आधी तिच्या मानेला माझ्या दुधाचा वास यायचा. तो गेला, आणि मला त्याची आठवणही नीट करता येत नाही.

सातव्या महिन्यात उष्टावण केलं. माझा भाऊ भिंगारहून चांदीची वाटी घेऊन आला. मामानं खिरीचा पहिला घास द्यायचा. मी तांदूळ पाण्यात शिजवून गूळ घातला, वर तुपाचा थेंबही नाही. आत्याबाई चुलीपाशी उभ्या राहिल्या.

"पान्याची खीर? आपल्या घरात?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, आत्याबाई."

त्या वळून गोठ्यात जाऊन बसल्या. रेवानं मात्र ती खीर मिटक्या मारत खाल्ली आणि वाटी दोन्ही हातांनी धरून ठेवली. मग मुगाचं कढण आलं, कुस्करलेलं केळं आलं, ज्वारीच्या लाह्यांचं पीठ पाण्यात भिजवून गूळ घालून. पोर बाळसं धरायला लागली. बायका म्हणायच्या, बघ, काही अडलं का दुधावाचून? खरंच तिचं काही अडलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी आण्णा डेअरीतून अवेळी घरी आले. सकाळचे आठ वाजले असतील, रांग संपली नसणार. ओसरीच्या पायरीवर बसले आणि मला हाक मारली. मी पाणी नेलं. ते त्यांनी घेतलं नाही.

"आत्ता एकजन आला," ते म्हणाले. "किटली न ढवळता वरचं वरचं सॅम्पल देत हुता. मी वरडलो त्याच्यावर. ढवळ म्हनलं. गायीच्या बी पैल्या धारा पातळ आसत्यात, शेवटच्या धारंला साय आसती, समदं एक कर आन् मंग आन म्हनलं." त्यांनी चष्मा काढला. "तुजी वाटी पैल्या धारंची हुती. मी तीस वर्सं लोकांना हेच सांगत आलो. तुज्या टायमाला मला सुचलं न्हाई, पोरी."

मी म्हणाले, "असू द्या आण्णा." दुसरं काय म्हणणार होते? त्या पावसाळ्यात त्यांनी डेअरीचं काम सोडलं. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून सांगितलं. त्यांना पुढं कितीतरी वर्षं सुईत दोरा ओवता येत होता.

रेवा ज्येष्ठापर्यंत दही खायला लागली, मग ताक, मग दूध. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. आता ती सात वर्षांची आहे, पेलाभर दूध गटागटा पिते आणि ओठावरची मिशी बाहीला पुसते. तिला ह्यातलं काही माहीत नाही. आण्णा तिच्या पेल्याकडं बघत नाहीत. ती दूध प्यायला बसली की त्यांना गोठ्यात काम निघतं.

आता जे मी कुणाला सांगितलं नव्हतं ते. त्या दुपारी आण्णा पंच्याखाली वाटी झाकून गेले, तेव्हा मी खोलीत येऊन आडवी झाले होते. रेवा रडत होती. आणि मी मनात म्हणत होते, खराब निघू दे. माझं दूध खराब निघू दे, म्हणजे पाजायचं काम दुसरं कुणीतरी करेल आणि मी झोपेन. दीडचा आकडा खिडकीतून ऐकला तेव्हा पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. मला बरं वाटलं. त्या दिवशी मी तीन तास झोपले. आण्णांनी चूक कबूल केली, काम सोडलं, सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन ते सात वर्षं वागले, आणि मी तो त्यांना घेऊ दिला.

परवाच्या रविवारी आम्ही सगळे घरीच होतो. धाकट्या जावेचं, सोनालीचं बाळ चार महिन्यांचं आहे. त्याला दोन दिवस पातळ शी होत होती, पोटात कळ येत होती. आत्याबाई आता थकल्या आहेत, पण सवय जात नाही.

"सोनाले, दोन दिस अंगावरचं बंद ठिव. गायीचं पातळ करून दिऊ."

मी बोलायला तोंड उघडलं, तोच ओसरीतल्या बाजेवरून आण्णांचा आवाज आला. इतक्या मोठ्यानं बोलताना त्यांना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"बंद करायचं न्हाई! ह्या घरात मी एकदा तोडलंय. आता कुनी तोडायचं न्हाई. आदी दवाखान्यात न्या."

धाकटा दीर गाडी काढायला गेला. निघण्याआधी सोनाली दाराआड बसून बाळाला पाजत होती, मी तिची पिशवी भरत होते. बाळ दूध गिळत होतं, त्याचा गुटगुट आवाज येत होता. मला आनंद झाला, असं लिहायला हवं. मला हेवा वाटला. इतका, की एकाच दुपट्याची घडी मी तीनदा मोडून घातली.

ती गेल्यावर मी ओसरीत येऊन आण्णांच्या बाजेशेजारी खाली बसले. त्यांनी डोळे मिटले होते.

"आण्णा," मी म्हणाले, "तुम्ही एकट्यानं नाही तोडलं."

त्यांनी डोळे उघडले.

मी सगळं सांगितलं. खराब निघू दे म्हणाले होते ते, बरं वाटलं ते, तीन तास झोपले ते. सांगताना मी फरशीकडं बघत होते. ते मग उठून बसले आणि त्यांचा सुरकुतलेला हात माझ्या डोक्यावर आला.

"सात वर्सं हे पोटात घिऊन हिंडतीस व्हय? अगं, पाच म्हैनं डोळ्याला डोळा न्हवता तुज्या. झोप लागनारच की."

मी ओढणी तोंडाशी धरून रडले. रडणं थांबल्यावर म्हणाले, "मग तुम्ही तरी आता सोडून द्या, आण्णा. तुमच्याकडूनही चुकून झालं."

आण्णांनी हात मागं घेतला आणि मान हलवली.

"माजं निराळं, पोरी," ते म्हणाले. "मी जागा हुतो."